खालचा सांधा

१

शिलाई मशीनच्या खणात हात घातला आणि डोळ्यांआधी बोटांनीच धाकटीला सांगितलं, की काहीतरी गफलत आहे. पाकीट तेच होतं, वर्षानुवर्षं रिळांखाली दबून मऊ पडलेलं. पण एक्स-रेची फिल्म हातात घेतली की अंग आखडून धरते, जरा कुरकुरते. हे पाकीट निमूटपणे वाकलं. तिने आतला कागद ओढून काढला, तर तो तपकिरी कागदावर कापलेला कॉलरचा खाका निघाला. तिचाच, तिच्याच कात्रीचा.

फिल्म गेली होती, आणि जाताना कोणीतरी तिच्या जागी बदली बसवून गेलं होतं.

धाकटी म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेली बाई. गावभरचे कपडे शिवते, पायाने चालवायच्या मशीनवरच शिवते, आणि विजेच्या मशीनला नाकं मुरडते. घरात ती धाकटी, कारण तिच्यावर एक दादा होता. ती पाच वर्षांची आणि तो चौदाचा असताना तो घर सोडून गेला. तिला त्याचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होती ती फक्त दारातून बाहेर जाणारी पाठ. त्या दादाची घरात उरलेली एकच वस्तू म्हणजे त्याच्या लहानपणी दुखऱ्या पायाचा काढलेला हा एक्स-रे.

आणि चार दिवसांपूर्वी एक माणूस पिशवी घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "मी दादा."

आतल्या खोलीत आई शेवटच्या घटका मोजत होती. डोळे केव्हाच गेले होते, बोलणं तुटक झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आता दिवस नव्हे, श्वास मोजा. रक्ताची तपासणी करायला दिली होती, पण तिचं उत्तर यायला काही आठवडे लागणार होते, आणि आईकडे तेवढी सवड नव्हती. आईला विचारण्यात अर्थ नव्हता. पावलं वाजली की ती दूधवाल्यालासुद्धा म्हणायची, "आलास का?"

म्हणून धाकटीने त्या माणसाला आईच्या खोलीचा उंबरा अजून ओलांडू दिला नव्हता. मरणाऱ्या आईच्या हातात परका हात द्यायचा, तर ते पाप. पोटचा पोरगा दाराशी आलेला असताना त्याला बाहेर बसवायचं, तर ते त्याहून मोठं. चार दिवस ती या दोन पापांच्या मध्ये उभी होती.

काल संध्याकाळी रात्रीच्या जेवणाआधी तिने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "जुनी फिल्म माझ्या मशीनच्या खणात आहे. उद्या सकाळी बाईंकडे नेऊ." ऐकणारे तिघे होते. तिचा नवरा, तिचे काका आणि तो पाहुणा.

तिने तपासणी केंद्रातल्या एक्स-रे वाचणाऱ्या बाईंना फोन लावला. पलीकडून बाईंचा खरखरीत आवाज आला, "गेली? छान झालं. येताना तिघांनाही घेऊन ये."

"छान काय बाई? पुरावाच गेला!"

"अगं, आतापर्यंत ती फिल्म गप्प होती. चोरीला गेली म्हणजे आता बोलायला लागली."

२

बाईंना सगळे मागे टाचबाई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. आयुष्यभर त्यांनी माणसांच्या आतले फोटो वाचले, पण त्यांचा जीव अडकला होता पावलात, त्यातही मागच्या अर्ध्यात. निवृत्त झाल्यावरही त्या आठवड्यातून काही दिवस तपासणी केंद्रात येऊन बसत. त्यांची सगळी परकर-पोलकी, सगळे पांढरे कोट धाकटीने शिवलेले. तिचा पाय मुरगळला, की फुकट बघून पट्टाही त्याच बांधून देत. पाय तर तिचा उठसूट मुरगळायचा.

केंद्राच्या आवारात खडी पसरलेली होती. काका, म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर, छाती काढून सरळ खडीतून चालत गेले. धाकटीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, त्याला लोक घड्याळजी म्हणत. तोही खडीतूनच गेला, बुटात खडा गेला म्हणून कुरकुरत. पाहुणा मात्र कडेच्या सिमेंटच्या पट्टीवरून चालला, आणि त्याच्या मागोमाग त्याच पट्टीवरून धाकटी.

टाचबाई खिडकीत चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि चहा प्यायच्या विसरल्या.

आत गेल्यावर त्यांनी तिघांना बाहेर बाकावर बसवलं आणि धाकटीला पडद्यापुढे ओढलं. पाहुण्याच्या पायाचा सीटी स्कॅन त्यांनी कालच केला होता. अंधारात पांढरं हाड तरंगत होतं, आणि बाईंनी बोट हलवलं तसं ते सावकाश फिरू लागलं.

"हे घोट्याचं हाड," टाचबाई म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा खरखरीत आवाज नेहमी मऊ व्हायचा. "सगळं शरीर याच्यावर उभं. आणि याला एकही स्नायू चिकटलेला नाही! कोणी ओढत नाही, कोणी ढकलत नाही. मध्ये बसायचं आणि वरचं ओझं खाली द्यायचं. याच्या खाली टाचेचं हाड. आणि या दोघांमध्ये खालचा सांधा."

"घोटा म्हणतात तो हाच ना?"

"तो वरचा. वरचा सांधा पाऊल वर-खाली करतो, त्याचं सगळे कौतुक करतात. हा खालचा पाऊल आत-बाहेर कलवतो. दगडावर पाय पडला, उतारावर पडला, की तुला कळायच्या आत हा जमिनीशी बोलून मोकळा होतो. कोणी साधं नावसुद्धा घेत नाही बिचाऱ्याचं."

दोन हाडांमधून एक तिरका बोगदा जात होता. बाईंनी चित्र त्या बोगद्यातून आरपार नेलं. धाकटीने तोंडावर हात ठेवला. रोज बूट-मोजे चढवतो त्या पावलाच्या आत अशी कोरीव गुहा असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एवढं नक्षीकाम कोणी कोणासाठी करून ठेवलं, असं तिला वाटलं, आणि चोरी, काका, पाहुणा हे सगळं क्षणभर विसरून ती नुसती बघत राहिली.

"आता हे बघ. टाचेच्या हाडाला आतल्या बाजूने अशी फळी निघते. तिच्यावर वरचं हाड टेकतं. दोघांच्या मध्ये काळी रेघ हवी, कारण तिथे कूर्चा असते, हाडांमधला मऊ थर, आणि कूर्चा इथे काळपट दिसते. आणि या माणसाच्या पायात?"

रेघ फळीपर्यंत आली होती आणि तिथे बुजली होती. काळ्याच्या जागी सलग पांढरं होतं. दोन हाडं एकमेकांत मिसळून गेली होती.

"पूल," टाचबाई म्हणाल्या. "जन्माचा. काल मी तुमच्या सगळ्यांसमोर सांगितलाच. हा माणूस उतारावर सुखाने चालला नसेल कधी. आता एकेकाला आत पाठव. आधी काका."

३

काका खुर्चीत बसतानासुद्धा सावधान बसले.

"मी कशाला चोरू?" ते म्हणाले. "ती फिल्म म्हणजे माझं हुकमाचं पान. ते दाखवायची वाट बघत होतो मी."

"असं? काय होतं फिल्ममध्ये?"

"काही नव्हतं!" काकांनी मांडीवर थाप मारली. "पोरगं अकरा वर्षांचं असेल. पाय दुखतो, पाय दुखतो, म्हणून रोज रड. मी त्याला ड्रिल द्यायचो ना! टाचा वर, टाचा खाली. झकास जमायचं. मैदानाच्या वाळूत पळ म्हटलं, की लंगडायचं. मीच नेलं त्याला एक्स-रे काढायला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीसमोर धरली आणि म्हणाले, पाय खणखणीत आहे. म्हणजे सोंग! तेव्हापासून त्याला सोंगाड्याच म्हणायचो मी."

टाचबाईंनी पडद्यावरचं हाड पुन्हा एकदा फिरवलं.

"आता हिशेब सरळ आहे," काका पुढे झुकले. "त्या पोराचा पाय खणखणीत. या माणसाच्या पायात तुमचा तो पूल, तोही जन्माचा. म्हणजे हा तो नव्हे. तोतया आहे. फिल्म असती तर दोन मिनिटांत तोंडावर पडला असता. म्हणून यानेच उडवली."

धाकटी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. चार दिवसांत तिने त्या माणसाला नकळत जीव लावला होता. तो चहा घेताना कप दोन्ही हातांनी धरायचा आणि तिच्याकडे बघून उगाच हसायचा.

"हे तुम्ही घरात कोणाला सांगितलं होतं? फिल्म कोरी आहे म्हणून?" टाचबाईंनी विचारलं.

"कोणालाच नाही. तेव्हा ही पाच वर्षांची पण नव्हती, हिला काय कळतंय? आणि पत्ते आधी उघडायचे नसतात, बाई."

"खरंय," टाचबाई म्हणाल्या. "पण काका, आत्ता तुम्ही ते पान उघडलंत. आणि ते हुकमाचं निघालं, फक्त तुमचं नव्हे."

४

घड्याळजी आत आला तो हात वर करूनच.

"संशयित नंबर दोन हजर आहे. मला तो माणूस आवडत नाही, हे आधीच सांगतो. माझ्या खुर्चीत बसतो. पण सासूबाईंचा मुलगा असेल तर खुर्ची त्याची, मी स्टूल घेईन. नसेल तर मात्र बायकोला रडवल्याबद्दल त्याचे काटे उलटे फिरवीन."

"फिल्म कधी बघितलीस?"

"कशाला? काळ्या कागदात काळा पाय. मला आतली चाकं दिसली तर बघण्यात मजा येते. पाकिटात काय आहे ते मला माहीत होतं, फिल्ममध्ये काय आहे ते नाही."

"वर्षानुवर्षं ती तुझ्या घरात होती. टाकायची असती तर?"

"केव्हाच रद्दीत गेली असती. हिचे खाके जातात अधूनमधून, मग शिव्या खातो."

शेवटी पाहुणा. साठीकडे झुकलेला, सडपातळ, थकलेला माणूस. आयुष्यभर त्याने एका उंच इमारतीत लिफ्ट चालवली होती. तो खुर्चीत बसला, पण पाठ टेकली नाही. बसताना त्याच्या अंगातून बारीकसा कुरकुर आवाज आला.

धाकटीचे कान टवकारले. सवयीने तिच्या मनात आलं, सदऱ्याला खळ जास्त झाली. मग तिचं लक्ष कॉलरकडे गेलं. कॉलर धुऊन धुऊन लुळी पडलेली. त्या सदऱ्याला वर्षभरात खळ लागली नसेल.

"लिफ्टच का?" टाचबाईंनी विचारलं.

"सपाट फरशी होती." तो संकोचून हसला. "वर आणि खाली. बाकी काही करावं लागत नाही. मालही वाहून बघितला होता आधी, पण रस्ता खडबडीत असला की जमायचं नाही."

"काल मी तुमच्या पायातला पूल दाखवला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

त्याने स्वतःच्या पावलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, रडू आलं. एवढ्या वर्षांनी कोणीतरी म्हणालं, की दुखतं ते खरं आहे."

"मग आज जुनी फिल्म सापडत नाही, याचं तुम्हाला वाईट वाटत असेल. तिच्यातही पूल दिसला असता ना?"

त्याचा चेहरा पडला. धाकटीला सदऱ्यातली ती कुरकुर पुन्हा ऐकू आली, कारण त्याचा श्वास जोरात चालू झाला होता.

"काका, घड्याळजी, आत या," टाचबाईंनी हाक मारली. "चोर सापडला."

५

सगळे आत आले. धाकटी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"फिल्म यांनी घेतली," टाचबाई पाहुण्याकडे बघत म्हणाल्या. "आत्ता सदऱ्याच्या आत, पाठीला लावलेली आहे. घरात ठेवायची भीती वाटली असणार. खरं ना?"

"मी म्हटलं नव्हतं का!" काका उसळले.

"तुम्ही म्हटलं होतं, पण अर्धंच. बसा. आता नीट ऐका. काल रात्री फिल्म चोरली तेव्हा ती कोरी आहे हे या घरात कोणाला माहीत होतं? काकांना. आणि काका तर ती दाखवायला टपलेले. घड्याळजीला पत्ता नाही, धाकटीला पत्ता नाही. आता समजा हा माणूस तोतया आहे. काल त्याला कळलं, की आपल्या पायात जन्माचा पूल आहे. आणि घरात ऐकलं, की हरवलेल्या मुलाचाही पाय दुखायचा आणि त्याचा एक्स-रे आहे. तोतयाला काय वाटेल?"

सगळ्यांत आधी घड्याळजी बोलला. "लॉटरी लागली असं वाटेल. त्याला वाटेल, त्या फिल्ममध्येही पूल असणार. तो तर ती फिल्म डोक्यावर घेऊन नाचत येईल इथे!"

"बरोब्बर. तोतया ती फिल्म जिवापाड जपेल. तिची भीती वाटेल ती एकाच माणसाला. डॉक्टरांनी ती खिडकीसमोर धरली आणि 'खणखणीत आहे' म्हणाले, तेव्हा जो खाली उभा होता त्याला. त्या एका वाक्याने ज्याला सोंगाड्या ठरवलं, त्या मुलाला. त्याला वाटलं, आता ही फिल्म मला दुसऱ्यांदा खोटं पाडणार." टाचबाईंनी चष्मा काढला. "चोरी केली म्हणूनच मला कळलं, की हा खरा आहे."

पाहुण्याने मान खाली घालून सदऱ्यात हात घातला आणि फिल्म बाहेर काढली. घामाने ओली झाली होती.

"फाडून टाकावीशी वाटली," तो म्हणाला. "पण आईने जपली होती. फाडवेना."

टाचबाईंनी फिल्म उजेडावर धरली. एक लहानसं पाऊल, रेघा स्वच्छ.

"पण ही कोरी आहे!" काका म्हणाले. आवाजातला ड्रिलमास्तर निघून गेला होता. "मग तेव्हा पूल नव्हता?"

"होता. पण मुलांमध्ये तो कूर्चेचा असतो, आणि साध्या एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. मुलगा मोठा होतो तसतसं पुलाचं हाड बनतं, आणि मग तो दिसायला लागतो. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. फिल्मही खोटी नाही. मुलगाही खोटा नव्हता. आणि काका, तुम्ही त्याला टाचा वर, टाचा खाली करायला लावलंत. ते काम वरच्या सांध्याचं, तो धडधाकट होता. तुम्ही नको तोच सांधा तपासलात. वाळू काम मागते ते खालच्याकडे."

काकांचे हात गुडघ्यांवर पडले होते. "मी त्याला वाळूतच पळवायचो," ते म्हणाले.

धाकटी मात्र जागची हलली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे आईची खोली होती. "बाई," ती म्हणाली, "तुमचा तर्क पटला. पण मला यांना आईसमोर न्यायचंय. मला तर्क नको. मला डोळ्यांनी बघायचंय."

"माहीत होतं मला," टाचबाई म्हणाल्या. "मग चपला काढ."

"मी? माझ्या पायाचं काय?"

"उठसूट मुरगळतो, त्याचं काय? खडी दिसली की कड धरतेस, त्याचं काय? मघाशी खिडकीतून बघितलं मी तुम्हा दोघांना, एकामागे एक. इतकी वर्षं पट्टे बांधले तुला आणि आत बघायचं सुचलं नाही, इतकी मी शहाणी. मशीनवर तुझा पाय दिवसभर चालतो ना, वर-खाली, वर-खाली! कुरकूर नाही, म्हणून मीही फसले. झोप त्या टेबलावर."

यंत्राची कमान तिच्या पायांवरून गुणगुणत गेली. मग सगळे पडद्यासमोर गोळा झाले. अंधारातून तिचं स्वतःचं पाऊल वर आलं. तोच बोगदा, तीच नक्षी. बाईंनी चित्र हळूहळू मागे नेलं. काळी रेघ निघाली, फळीपर्यंत आली, आणि बुजली.

टाचबाईंनी शेजारी पाहुण्याचं चित्र लावलं. त्याच पायात, त्याच फळीवर, तसाच तिरका पांढरा पूल.

"शंभरात एखाद्याला असतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि पुष्कळदा घराण्यात उतरतो. रक्ताचं उत्तर येईल तेव्हा येईल. पण मी इतकी पावलं बघितली, आणि असं जोडीने कधी बघितलं नव्हतं."

धाकटी पडद्याकडे बघतच राहिली. चाळीस वर्षं ती दादाची एखादी तरी खूण शोधत होती, कपाटात, माळ्यावर, आईच्या बोलण्यात. आणि रोज तिच्यावरच उभी राहत होती. तिला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्ही तिने येऊ दिलं.

चार दिवस ती त्याला अहो-जाहो करत होती. आता वळून म्हणाली, "दादा, चल. घरी चल."

"तू... तुझा पण दुखतो?" त्याने विचारलं.

"मला वाटायचं सगळ्यांचाच दुखतो."

जाताना काका खडीतून गेले नाहीत. ते कडेच्या पट्टीजवळ थांबले आणि पुतण्यापुढे त्यांनी हात धरला, आधाराला. दादाने क्षणभर त्या हाताकडे बघितलं, आणि मग धरला.

६

शेजारीण आईजवळ बसली होती, ती उठून बाहेर गेली. खोलीत औषधांचा वास होता आणि पडद्यातून दुपारचं ऊन येत होतं.

पावलं वाजली तशी आई पुटपुटली, "आलास का?"

दादा उंबऱ्यावरच थबकला. त्याने धाकटीकडे पाहिलं. हे ती सगळ्यांनाच म्हणते, हे त्यालाही चार दिवसांत कळलं होतं.

धाकटी पायथ्याशी बसली. रोज तेल लावायची तसं तिने आईचं पाऊल हातात घेतलं, पण आज टाच मुठीत धरून हलकेच आत-बाहेर कलवून पाहिली. वर-खाली होत होती. आत-बाहेर मुळीच नाही. इतकी वर्षं तिला वाटायचं, म्हातारपणाने आखडलंय. तिने दादाचा हात ओढून आईच्या टाचेवर ठेवला, आणि त्याला कळलं.

आईने मान वळवली. न दिसणारे डोळे त्याच्या दिशेने आले आणि तिथेच थांबले. आंधळ्या बोटांनी त्याचं मनगट चाचपलं, मग घट्ट धरलं. आणि दूधवाल्याला, डॉक्टरांना, शेजारणीला, कोणालाच जे तिने कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"पाय दुखतो का रे अजून?"